मार्क की कोर्टाचा अनुभव? खान्देशातल्या लॉच्या मुलामुलींसाठी नोकरीच्या अर्जाची तयारी, पायरी पायरीने

निकाल लागले की दरवर्षी दोन प्रकारची मुलं विचारायला येतात. एक म्हणतो, ताई मला ५३ टक्के आहेत पण दोन वर्षं रोज कोर्टात जातोय, कामं येतात, मग नोकरी मिळेल ना. दुसरी म्हणते, माझे ६८ टक्के आहेत, कॉलेजात दुसरी आले, पण कोर्टरूमच्या आत एकदाच गेले ते पण कॉलेजच्या व्हिजिटला, आता मुलाखतीत काय सांगू. दोघांनी मेहनत केलेली असते, पण एकाने मार्क सोडून दिले आणि दुसरीने बाकी सगळंच सोडून दिलं, आणि दोघांनाही हे आधी कोणी सांगितलेलं नसतं की तुमचा अर्ज आत घ्यायचा की नाही हे मार्कांवर ठरतं आणि आत घेतल्यावर तुम्हाला निवडायचं की नाही हे तुम्ही काय काम केलंय त्यावर ठरतं. म्हणून मार्क एका रेघेच्या वर ठेवायचे आणि ती रेघ पार झाली की उरलेला प्रत्येक तास कामाला द्यायचा, एवढं माझं म्हणणं आहे. ती रेघ कुठली आणि काम कुठलं, ते खाली सांगते.

मी जळगाव जिल्ह्यातली, लॉ इथेच केलं, तालुका कोर्टात सीनियरकडे ज्युनियर राहिले, लीगल एडचं काम केलं, बऱ्याच मुलाखती दिल्या. पुण्या-मुंबईच्या मुलांना कॉलेजची प्लेसमेंट कमिटी असते, सीनियर मुलं असतात, आपल्याकडे धुळे, नंदुरबार, जळगावला बहुतेकांच्या घरात वकिली करणारं कोणी नसतं, त्यामुळे माहिती चहाच्या टपरीवरून मिळते आणि ती अर्धी जुनी असते. तेवढ्यासाठी हे लिहिलंय.

१. आधी नोकरी ठरवा, मग तिची जुनी जाहिरात शोधून वाचा

"लॉची नोकरी" अशी एक गोष्ट नसते. प्रत्येक ठिकाणी मार्कांना वेगळी किंमत आहे, म्हणून पहिल्याच वर्षी मागच्या दोन-तीन जाहिराती डाउनलोड करून पात्रतेचं पान प्रिंट काढून भिंतीला लावा.

न्यायाधीश व्हायचंय, म्हणजे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, ज्याला आपण सगळे जेएमएफसी म्हणतो. परीक्षा एमपीएससी घेते, पूर्व १०० गुणांची, मुख्य २०० गुणांची आणि मुलाखत ५० गुणांची. आधी महाराष्ट्रात ५५ टक्के असलेल्या, पहिल्याच प्रयत्नात सगळं पास झालेल्या नव्या पदवीधराला थेट बसता यायचं. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि या पदासाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, आणि ती वर्षं तात्पुरत्या सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) नोंदणीपासून मोजायची असं सांगितलं. जुन्या क्लासच्या नोट्समध्ये अजून ५५ टक्केवाला रस्ता छापलेला दिसतो, त्यावर विसंबून दोन वर्षं नुसती घरात बसून अभ्यास करू नका, ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा.

सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे एपीपी. ही पण एमपीएससीचीच परीक्षा, आणि इथे ५ वर्षांची वकिली मागतात. मार्कांपेक्षा तुमच्या प्रॅक्टिसचा दाखला महत्त्वाचा.

लीगल एड डिफेन्स कौन्सेल. हे आपल्या भागातल्या कितीतरी मुलांना माहीतच नसतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जाहिरात काढतं, गरीब आरोपींच्या बाजूने फौजदारी केसेस चालवायच्या असतात. चीफला १० वर्षं, डेप्युटीला ७ वर्षं फौजदारीचा अनुभव लागतो पण असिस्टंट पदाला ० ते ३ वर्षं चालतो, म्हणजे अगदी नवा वकील अर्ज करू शकतो. नेमणूक कंत्राटी असते आणि त्या काळात खाजगी केसेस घेता येत नाहीत, हे लक्षात ठेवून अर्ज करा. माझ्या मते खान्देशातल्या नव्या वकिलासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही.

बँकेतला लॉ ऑफिसर. आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेत लॉ ऑफिसर स्केल वनला लॉची पदवी आणि बार कौन्सिलची नोंदणी लागते, वय २० ते ३०. इथे लेखी परीक्षा आणि मुलाखतच सगळं ठरवतात, तुमचे ७० टक्के असोत की ५४.

सरकारी कंपन्या आणि लष्कराची जॅग एंट्री, म्हणजे लष्कराच्या कायदा विभागातली अधिकारी भरती. इथे मात्र मार्क म्हणजे मार्क. जॅगला एलएलबीत ५५ टक्के आणि क्लॅट पीजीचा, म्हणजे एलएलएमच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर लागतो. क्लॅट पीजीवरून घेणाऱ्या सरकारी कंपन्यांच्या जाहिरातींत ६० टक्क्यांची अट नेहमीची आहे. ५९.८ असेल तर ऑनलाइन फॉर्म पुढेच जात नाही, तिथे तुमची दोन वर्षांची इंटर्नशिप कोणी बघायला येत नाही.

मुंबई-पुण्याच्या लॉ फर्म. मोठ्या फर्म कॉलेजचं नाव आणि मार्क दोन्ही बघतात, आपल्याकडच्या मुलाला तिथे थेट अर्जावर जाणं अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही. पण छोट्या-मध्यम फर्म, जिथे चार-पाच वकील आहेत, तिथे ड्राफ्टिंग येतं का एवढंच बघतात.

आपल्या गावातलं काम. पतसंस्था, सहकारी बँका, जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतल्या कंपन्या, दाल मिल, सोन्याचे व्यापारी, रावेर-यावलचे केळीचे व्यापारी, सगळ्यांना वसुली, चेक बाउन्स, करारनामे, कामगारांच्या केसेस यासाठी माणूस लागतो. पतसंस्थेत गेलात तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला कसा काढतात हे माहीत असलेल्याला मार्कशीट कोणी विचारत नाही.

२. मार्कांची रेघ: ५५ खाली नाही, ६० जमलं तर उत्तम, एटीकेटी (विषय मागे राहणं) शक्यतो नकोच

वरचं सगळं एकत्र बघितलं तर निष्कर्ष सोपा आहे. ५५ च्या खाली गेलात की काही दारं कायमची बंद, ६० च्या वर असाल तर जवळपास सगळी उघडी. ६० पासून ६८ पर्यंत जायला जी रात्र-रात्र जागरणं लागतात ती आपल्या भागात काम करणाऱ्याला फार काही मिळवून देत नाहीत, प्राध्यापक व्हायचं असेल किंवा बाहेर शिकायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

काही गोष्टी ज्या मुलं हलक्यात घेतात:

हजेरी. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरी आहे. कोर्टात जातो म्हणून कॉलेजला गेलो नाही हे कारण परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी चालत नाही.

प्रॅक्टिकलचे पेपर. ड्राफ्टिंग, वकिलीची नीतिमत्ता, एडीआर (कोर्टाबाहेर वाद मिटवणं), आणि मूट कोर्ट (सरावाचा खटला) व इंटर्नशिप मिळून एक, हे चार पेपर असे आहेत की तिथे कोर्टातला अनुभव सरळ मार्कांत बदलतो. मूट कोर्टच्या पेपरमध्ये खटल्यांचं निरीक्षण, पक्षकाराची मुलाखत, डायरी, तोंडी परीक्षा असं सगळं आहे. मुलं या पेपरची डायरी शेवटच्या आठवड्यात मित्राची बघून उतरवतात, आणि मग म्हणतात मार्क आणि अनुभव दोन्ही जमत नाही. इथे तर दोन्ही एकाच कामात मिळतंय.

पुनर्मूल्यांकन. अपेक्षेपेक्षा बरेच कमी मार्क आले तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, मुदत थोडी असते, निकालाच्या दिवशीच विद्यापीठाच्या साइटवर तारीख बघा. ५४.७ वर अडकलेल्याला तीन मार्कांनी काय फरक पडतो ते सांगायला नको.

३. वर्षाचं कॅलेंडर बनवा, आणि मे महिन्याचा सापळा ओळखा

सगळे ठरवतात की परीक्षा झाली की मे मध्ये कोर्टात इंटर्नशिप करू. आणि मे मध्ये जिल्हा-तालुका कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते! जळगावच्या ४५ डिग्रीत तुम्ही कोर्टाच्या आवारात पोचता आणि तिथे फक्त अर्जंट कामाचं कोर्ट बसलेलं असतं, बार रूमला कुलूप.

म्हणून उलटं करा. मे मध्ये ज्या गोष्टी कोर्टाशिवाय चालतात त्या करा, सीनियरच्या ऑफिसात जुन्या फाइली वाचणं, दावा आणि कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) यांचं ड्राफ्टिंग, दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदणी कशी होते ते बघणं, तहसील आणि प्रांत ऑफिसातल्या सुनावण्या. कोर्ट बघायचं ते जून-जुलैत आणि दिवाळीनंतर, तेव्हा कामकाज पूर्ण जोरात असतं आणि सेमिस्टरचा ताण पण सुरुवातीला कमी असतो. परीक्षेच्या आधीचा महिना-दीड महिना कोर्ट पूर्ण बंद, सीनियरला आधीच सांगून ठेवा, चांगला सीनियर कधी नाही म्हणत नाही.

कॉलेज सकाळचं असेल तर लेक्चर संपवून ११ वाजता कोर्टाचा बोर्ड (त्या दिवसाच्या केसेसची यादी) सुरू व्हायच्या आत पोचता येतं. बाहेरगावाहून एसटीने किंवा सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीने येणाऱ्यांनी, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, रोज जिल्हा कोर्टाचा हट्ट धरू नका. आपल्या तालुक्याच्या कोर्टात आठवड्यातून दोन दिवस नियमित गेलात तरी भरपूर. उलट तालुका कोर्टात तुम्हाला न्यायाधीश, शिरस्तेदार, बेलिफ सगळे चेहऱ्याने ओळखायला लागतात, आणि काम जवळून दिसतं.

४. इंटर्नशिप कुठे करायची

नियम आधी: तीन वर्षांच्या कोर्सला एकूण १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे, एका वर्षात सलग ४ आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, आणि कधीतरी एकदा ट्रायल कोर्टाच्या आणि अपिलाच्या वकिलाकडे काम केलेलं असलं पाहिजे. मुलं एकाच ऑफिसचे १२ आठवड्यांचे सर्टिफिकेट आणतात, मग अडकतात.

मी सुचवते ती विभागणी अशी. एक महिना तालुका किंवा जिल्हा कोर्टातल्या दिवाणी वकिलाकडे. एक महिना फौजदारीवाल्याकडे. आणि एक छत्रपती संभाजीनगरला, कारण जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांची अपिलं, जामीन, रिट तिथल्याच खंडपीठात जातात. तुमच्या सीनियरची तिथे ज्या वकिलाशी ओळख असते त्याच्याकडे शब्द टाकायला सांगा, राहण्याचा खर्च होतो पण खालच्या कोर्टातला निकाल वरच्या कोर्टात कसा वाचला जातो हे एकदा बघितलं की ड्राफ्टिंगच बदलतं.

याशिवाय जे लोक विसरतात: विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरा लीगल व्हॉलंटियर होता येतं, लॉचे विद्यार्थी चालतात, लोकअदालतीच्या दिवशी मदत करता येते. ग्राहक आयोगात बसून बघता येतं. तहसीलदारांसमोर मामलेदार कोर्ट कायद्याखालचे शेतरस्त्याचे दावे चालतात, आपल्याकडे निम्मी भांडणं बांधाची आणि रस्त्याचीच. नंदुरबारच्या मुलांनी तर वनहक्काचं काम नक्की बघावं, धडगाव-अक्कलकुव्यात २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे गावोगावी आहेत, ग्रामसभेचा ठराव, नकाशा, पुरावे कसे जोडतात हे मुंबईतल्या मुलाला पुस्तकातून कळतं, तुम्हाला समोर दिसतं.

सीनियरकडे पहिल्यांदा जाताना फोनवर काम मागू नका. संध्याकाळी ऑफिसला जा, तेव्हा ते पक्षकारांत असतात, बाहेर थांबा, आणि एवढंच सांगा की सर, मी अमुक वर्षाला आहे, महिनाभर रोज येईन, फाइल वाचायला आणि तारखा टिपायला मिळाल्या तरी चालेल. घरातली ओळख असेल, ते तुमचे आप्पा किंवा नाना लागत असतील, तरी कोर्टात सगळ्यांसमोर "सर" किंवा "साहेब"च. पैशांचं म्हणाल तर विद्यार्थी असताना अपेक्षा ठेवू नका, पण सनद घेतल्यावर ज्युनियर म्हणून राहत असाल तर मोकळेपणाने विचारा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला ग्रामीण भागात महिना १५,००० आणि शहरात २०,००० द्यावेत अशी शिफारस केलीय, सक्ती नाही, आणि आपल्याकडे ते फार कमी ठिकाणी मिळतं, पण विचारण्यात काही गैर नाही. वर्षानुवर्षं फक्त तारखा मागायला पाठवणारा सीनियर असेल तर नम्रपणे दुसरा शोधा.

५. डायरी. ही एक गोष्ट मनापासून करा

इंटर्नशिप सर्टिफिकेट सगळ्यांकडे असतं आणि सगळ्यांवर एकच वाक्य असतं, "यांनी समाधानकारक काम केले". मुलाखतीत कामी येते ती डायरी. बहुतेक डायऱ्या अशा असतात:

"आज कोर्टात गेलो. चेक बाउन्सची केस होती. उलटतपास झाला. खूप शिकायला मिळाले."

यातून काय शिकायला मिळालं ते लिहिणाऱ्यालाही सहा महिन्यांनी सांगता येणार नाही. त्याच दिवसाची नोंद अशी करा:

"चेक बाउन्स, उसनवारीचे ३ लाख. बँकेचा चेक परतीचा मेमो ३ फेब्रुवारी, नोटीस २७ फेब्रुवारी, पोच ४ मार्च, फिर्याद १० एप्रिल. मुदती तपासल्या: नोटीस ३० दिवसांच्या आत, मग १५ दिवस पैसे द्यायला, त्यानंतर १ महिन्यात फिर्याद, सगळं बसतं. उलटतपासात बचावाचा रोख: फिर्यादीकडे ३ लाख आलेच कुठून, इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये ही रक्कम दाखवलेली नाही. सही मान्य केल्याने कलम १३९ चं गृहीतक (चेक देणं फेडायलाच दिला असं धरून चालणं) फिर्यादीच्या बाजूने, ते खोडायचं काम आरोपीवर. प्रश्न: गृहीतक खोडायला आरोपीने स्वतः साक्ष द्यावीच लागते का? सरांना विचारायचं."

पाच मिनिटांचं लिखाण आहे. पण अशा ३०-४० नोंदी झाल्या की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्सचा पेपर पाठ करावा लागत नाही, आणि मुलाखतीत "काय बघितलं" विचारलं की तोंड बंद पडत नाही. दिवाणीत असाल तर निशाणी ५ च्या अर्जावर, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमावर, दोन्ही बाजूंनी काय युक्तिवाद केला आणि कोर्टाने शेवटी कुठला मुद्दा धरला ते लिहा. शेवटचं प्रश्नाचं वाक्य कधी चुकवू नका.

पक्षकारांची नावं डायरीत लिहू नका, फाइलचे फोटो मोबाइलमध्ये काढू नका आणि स्टेटसला तर अजिबात टाकू नका. केस पुढे काय झाली हे ई-कोर्ट्सच्या अॅपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर) टाकून बघता येतं, निकाल आला की आपल्या नोंदीशी जुळवून बघा. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआरवर फुकट आहेत आणि कायदे इंडिया कोडवर, त्यामुळे पुस्तकं नाहीत ही अडचण आता राहिलेली नाही.

६. लॉच्या बाहेरचं काम लपवू नका

आपल्याकडची कितीतरी मुलं शिकता शिकता काम करतात, आणि अर्जात ते लिहायला लाजतात. कोणी सेतू केंद्रावर कॉम्प्युटर चालवतं, कोणी स्टॅम्प व्हेंडरकडे दस्त टाइप करतं, कोणी सीएच्या ऑफिसात, कोणी घरची शेती बघतं. अरे, सेतूवर बसलेल्या मुलाने सातबारा, आठ अ, फेरफार, वारस नोंद, हजारदा काढलेले असतात, चौकटीतला पोटखराबा काय आणि इतर हक्कातला बोजा काय हे त्याला झोपेत सांगता येतं. जमिनीचं काम करणाऱ्या कुठल्याही वकिलाला असा ज्युनियर हवाच असतो. स्टॅम्प व्हेंडरकडे काम केलं असेल तर खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र यातला फरक तुम्हाला ड्राफ्टिंगच्या पेपरच्या आधी कळलेला असतो.

भाषेचंही तसंच. अहिराणी, पावरी, भिली, लेवा बोली, जे येतं ते सीव्हीत लिहा. लीगल एडच्या मुलाखतीत याला किंमत असते. म्हातारी बाई येते आणि म्हणते "मन्हं नाव उतारावर लागेल नही", तिच्याशी तिच्या बोलीत बोललं की दोन मिनिटांत ती नवऱ्याच्या मृत्यूपासून दिरापर्यंत सगळं सांगते, आणि पुस्तकी मराठीत विचारलं की गप्प बसते. पक्षकाराकडून खरी हकीकत काढून घेणं हे वकिलीतलं अर्धं काम आहे.

मात्र पूर्ण वेळ नोकरी करत असाल तर हजेरीचा विचार आधी करा. आणि लिहिताना खरंच केलेलं काम लिहा, "मॅनेजमेंट" असा मोठा शब्द टाकू नका.

७. सीव्ही आणि मार्कांचं काय करायचं

एक पान, जास्तीत जास्त दीड. सगळ्यांना एकच सीव्ही पाठवू नका. मार्कांची अट असलेल्या ठिकाणी शिक्षण वर, वकिलाच्या ऑफिसात किंवा लीगल एडला अर्ज करताना अनुभव वर.

अनुभवाची ओळ अशी नको: "जिल्हा न्यायालयात इंटर्नशिप, दिवाणी व फौजदारी कामकाजाचे ज्ञान". अशी लिहा: "तालुका न्यायालयात ४ आठवडे. वाटपाच्या दाव्यात वारसांचा वंशवेल तयार केला, २ कैफियतींचा कच्चा मसुदा केला, चेक बाउन्सच्या एका खटल्याची पूर्ण सुनावणी पाहिली." जे लिहाल त्यावर प्रश्न येणारच, म्हणून न केलेलं एक अक्षर लिहू नका.

मार्क कमी असतील तर: ५४.६ ला ५५ करू नका, कागदपत्र तपासणीत अर्ज बाद होतो आणि नाव खराब होतं ते वेगळं. आधीच्या सेमिस्टरला ४८ आणि शेवटच्या दोनमध्ये ६२ असतील तर सेमिस्टरनिहाय मार्क द्या, चढता आलेख समोरच्याला दिसतो. ज्या विषयाचं काम मागताय त्या विषयात चांगले मार्क असतील तर तो विषय वेगळा लिहा. मार्क कमी का हे विचारलं तर खरं कारण एका वाक्यात, आणि लगेच कामाकडे वळा. घरच्या परिस्थितीचं लांबण लावलं की मुलाखत तिथेच संपते.

मार्क चांगले आणि अनुभव शून्य असेल तर घाबरू नका, तीन महिन्यांत बरंच होतं. आठवड्यातून तीन दिवस एकाच कोर्टरूममध्ये बसा, दोन केसेस निवडून त्यांच्या प्रत्येक तारखेला जा, पॅरा लीगल व्हॉलंटियरसाठी नाव द्या, आणि एका सीनियरकडे रोज एक मसुदा लिहून दाखवा, नोटीस, पुरसीस (कोर्टाला लेखी कळवणं), वकीलपत्र, मुदतीचा अर्ज, लहानसहान का असेना. लाल पेनाने परत आलेले ते मसुदे जपून ठेवा.

सीजीपीए असेल तर टक्क्यांत रूपांतर करायचं पत्र कॉलेजकडून किंवा विद्यापीठाकडून आधीच घेऊन ठेवा, स्वतः गुणाकार करून आकडा भरू नका.

८. फाइलमध्ये काय काय हवं

दहावी, बारावी आणि पदवीच्या मार्कशीट, लॉच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, नापास झालेल्याही. पासिंग किंवा पदवी प्रमाणपत्र. इंटर्नशिपची सर्टिफिकेट, त्यावर तारखा, वकिलाचा सनद नंबर आणि सही-शिक्का. डायरी. मूट कोर्ट, लोकअदालत, शिबिरांची प्रमाणपत्रं, मोजकीच. स्वतः केलेल्या दोन मसुद्यांचे नमुने, नावं काढून टाकलेले. सनद आणि एआयबीईचं, म्हणजे बार कौन्सिलच्या वकिलीच्या परीक्षेचं, प्रमाणपत्र. डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता आणि लागत असेल तर नॉन क्रिमीलेअर. आधार, पॅन, फोटो, सहीची स्कॅन.

मार्कशीट, आधार आणि दाखल्यावरच्या नावाचं स्पेलिंग आत्ताच जुळवून बघा. मुलींनो, लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेट किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागतो, आणि जात वैधतेला वेळ लागतो, जाहिरात आल्यावर धावपळ केली तर मुदत निघून जाते.

९. मुलाखतीत काय विचारतात

नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत, त्यामुळे जुनी-नवी कलमं दोन्ही विचारतात. खुनाचं ३०२ आता भारतीय न्याय संहितेत १०३, अटकपूर्व जामिनाचं ४३८ आता नागरिक सुरक्षा संहितेत ४८२, पोटगीचं १२५ आता १४४. नंबर पाठ असून भागत नाही, २०२३ मध्ये घडलेल्या गुन्ह्याला कुठली संहिता लागेल, असा प्रश्न येतो. बाकी प्रश्न तुमच्या सीव्हीतूनच येतात. मला एकदा विचारलं होतं की वाटपाच्या दाव्यात बहिणीला पक्षकार केलं नाही तर काय होईल, कारण मी वंशवेल केल्याचं लिहिलं होतं. डायरीतलीच नोंद कामी आली.

इंग्रजीची भीती सगळ्यांनाच असते. सावकाश, छोटी वाक्यं बोला. अडलं तर मराठीत सांगू का असं विचारा, आपल्या जिल्ह्यातल्या पॅनलला त्यात काही वाटत नाही.

१०. सनद, आणि अनुभवाची वर्षं वाया जाणारा सापळा

निकाल लागला की लगेच महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करा, कारण न्यायाधीशपदासाठी तुमचं घड्याळ तिथून सुरू होतं. नोंदणी फी कायद्यात सर्वसाधारण गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही असा सुप्रीम कोर्टाचा ३० जुलै २०२४ चा निकाल आहे. स्टॅम्प ड्युटी वगैरे वेगळी. एआयबीईला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४०, टिपणं नसलेले बेअर अॅक्ट आत नेता येतात.

आता सापळा. कंपनीत किंवा पतसंस्थेत पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली तर बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करता येत नाही, सनद स्थगित करावी लागते. मग ती वर्षं वकिलीची म्हणून मोजली जात नाहीत. घरच्यांच्या आग्रहाने पगाराची नोकरी धरायची, आणि तीन वर्षांनी जेएमएफसीचा फॉर्म भरायला बसल्यावर अनुभव शून्य, असं चांगल्या मार्कांच्या मुलांचं झालेलं मी बघितलंय. नोकरी वाईट नाही, पण न्यायाधीश किंवा एपीपी व्हायचं डोक्यात असेल तर आधी वकिलीची वर्षं पूर्ण करा, किंवा त्या पतसंस्थेचं काम पगारावर न घेता पॅनल वकील म्हणून फीवर घ्या.

आणि वकिली करताना पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा, ज्या ज्या केसमध्ये तुमचं नाव वकीलपत्रावर आहे तिचा सीएनआर नंबर, कोर्ट, तारीख, त्या दिवशी तुम्ही काय केलं. न्यायाधीशपदासाठीचा प्रॅक्टिसचा दाखला त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचा लागतो, किंवा १० वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा आणि त्यावर त्या अधिकाऱ्यांची मान्यता, आणि तेव्हा तुम्ही खरंच उभे राहत होता हे दाखवायला ती वही लागते. सीनियरच्या वकीलपत्रावर तुमचं नाव आणि सही पण घ्या असं पहिल्याच महिन्यात त्यांना सांगा. बरेच ज्युनियर हे मागायला संकोचतात, आणि चार वर्षं रोज कोर्टात उभं राहूनही रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) त्यांचं नाव कुठेच सापडत नाही.